पैकीच्या पैकी गुण

"चोर आहेस तू! माझं घड्याळ तूच लांबवलंस!" सासरे सर्वांगाने थरथरत ओरडले आणि सुनेच्या हातातला कप हिंदकळून चहा पदरावर सांडला... ज्यांना सांभाळण्यासाठी तिने शिवणशाळेतली जीव की प्राण अशी नोकरी सोडली, त्यांच्याच तोंडून हे ऐकायचं! घड्याळ तर तिने आत्ताच तांदळाच्या डब्यातून काढून त्यांच्या उशाशी ठेवलं होतं.

"अहो, बाबा विसरायला लागलेत हो, किती वेळा सांगू?" ती नवऱ्यापुढे रडली.

"पुरे! स्मरणशक्तीच्या प्रत्येक तपासणीत बाबांना पैकीच्या पैकी गुण मिळतात. मग काय डॉक्टर खोटं बोलतात?" तो फटकन म्हणाला. सासूबाई मान खाली घालून भाजी निवडत राहिल्या. वा रे न्याय! कागदावरचे गुण खरे, आणि दिवसभर मरमर मरणारी सून खोटी!

पुढच्या तपासणीला दवाखान्यात नवी डॉक्टरीणबाई होती. आता सगळीकडे तपासणी एकाच पद्धतीने होणार, असं तिने सांगितलं. घरच्यांनी बाहेर बसायचं आणि लक्षात ठेवायचे पाच शब्द दर वेळी नवे असणार. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"नवे कशाला? जुनेच विचारा ना..." त्या पुटपुटल्या.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आली.

"मी शब्द सांगायच्या आधीच आजोबांनी खुर्ची, लिंबू, दोरी, घोडा, पिवळा असं घडाघडा म्हणून दाखवलं. हे तर जुन्या तपासणीतले शब्द! मी दिलेला एकही त्यांना आठवला नाही. कोणी पाठ करून घेतलं हे?"

"मी!" सासूबाईंना हुंदका फुटला. "गेली दोन वर्षं रोज सकाळी घोकून घेतेय. दवाखान्यातली झाडून सगळी औषधं तोंडपाठ असलेला कंपाउंडर माझा नवरा... त्याला लोकांनी वेडा म्हणायचं? नाही सहन झालं गं मला!"

"तेव्हाच कळलं असतं, तर डोकं शाबूत असतानाच पुढचं सगळं त्यांनी स्वतः ठरवलं असतं," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाली.

सुनेचा नवरा तिच्याजवळ आला. "चुकलो मी... मला माफ कर," एवढंच त्याच्या तोंडून फुटलं.

पण सून त्याच्याकडे बघेचना. आयुष्यात पहिल्यांदाच ती सासूवर उसळली, "आणि माझं काय, आई? तुम्हाला सगळं ठाऊक होतं! त्यांची अब्रू राखायला माझी अब्रू वेशीवर टांगलीत!" सासूबाईंनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले. जिंकली होती ती... पण कसला हा जळला विजय! ती खरी ठरली याचा अर्थ बाबा हातातून निसटले होते.

तेवढ्यात सासरे बाहेर आले. सुनेजवळ थांबून अगदी अदबीने म्हणाले, "बाई, आमच्या सुनेला जरा बोलावता का? फार वाट्टेल ते बोललो मी तिला. माफी मागायचीये... रुसून निघून तर गेली नाही ना पोर?"

तिने डोळे पुसले आणि त्यांच्या शर्टाचं उघडं राहिलेलं बटण लावलं.

"नाही हो," ती म्हणाली, "घरीच आहे ती."