पायथ्याची निळी बादली

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर हरकत नाही. पण खाली "छान कल्पना" असं लिहू नका. मावशी वाचते, आणि तिचं डोकं फिरतं.

आणि भुताची गोष्ट म्हटली की सगळे मध्यरात्र धरून बसतात. ही घडली दुपारी तीन वाजता. रविवारी. लख्ख ऊन होतं आणि पाण्यात चाळीसेक माणसं डुंबत होती.

जागा म्हणजे आमच्याच मालकीचं एक मातीचं धरण. फार मोठं नाही. ओढ्यावर घातलेला तीन पुरुष उंचीचा बांध, मागे तळं, एका टोकाला जास्तीचं पाणी निघून जायला सांडवा, आणि बांधाच्या पायथ्याशी एक लोखंडी पाइप. मातीतून थोडं पाणी पाझरतंच. ते या पाइपातून बाहेर पडायचं. त्याचा बारीक आवाज दिवसरात्र चालू असायचा.

बांध अण्णांनी घातला. अण्णा म्हणजे माझे आजोबा.

अण्णा रोज दुपारी तीनला पाइपाखाली निळी बादली ठेवायचे आणि हातात घड्याळ धरून बसायचे. बादली सात मिनिटांत भरली की सगळं ठीक. लवकर भरली किंवा उशिरा भरली, तर विचार करायचा. पाणी गढूळ आलं, तर विचार करायचा नाही. पळायचं.

अण्णा गेले तेही तिथेच. सापडले तेव्हा पाइपाशेजारी बसलेले होते. घड्याळ हातात, आणि बादली कधीची भरून वाहत होती.

तेव्हापासून ते काम मावशी करते. ती शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे, त्यामुळे मोजमापाची सवय. शाळा सुटली की स्कूटरवरून येणार, पंपाच्या खोलीचं कुलूप काढणार, खिळ्यावरची बादली घेणार. किल्ली एकच. ती तिच्या गळ्यात.

आणि तळं चालवतो मामा. पॅडल बोटी, पोहणं, उडी मारायला फळ्यांचा मंच, बांधाच्या खाली राहायचे तंबू. सुट्टीत त्याची मुलगी चिमणीही तंबूतच झोपते.

मामा माणूस वाईट नाही. पण ऐकेल तर शपथ!

त्याने सांडव्याच्या तोंडाला फळ्या ठोकल्या. का? तर तळं काठोकाठ दिसावं.

"अरे, पुराचं पाणी जाणार कुठून?" मावशी म्हणाली.

"ताई, पाणी कमी दिसलं की लोक गाडीतून न उतरताच परत जातात."

"आणि बांधावर झाडं लावलीस ती? मुळं आत जातात. माती पोकळ होते."

"सावली नको का लोकांना?"

दोन वर्षं हेच. मावशीने कागदावर लिहून दिलं, मामाने त्या कागदात भजी... नाही, भजी नाही, बोटीचे नट ठेवले. घरातले बाकीचे म्हणायचे, हिला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. मावशीला ते फार लागायचं.

मग एका बुधवारी...

ती आली, तर खिळा रिकामा होता. कुलूप जागच्या जागी.

बादली पायथ्याशी होती. काठोकाठ भरलेली. पाणी चहासारखं गढूळ.

तिने धावत जाऊन पाइप पाहिला. धार स्वच्छ. काचेच्या बरणीत घेऊन उन्हात धरली, तरी स्वच्छ.

तिने बादली रिकामी केली, आत टांगली, कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

गुरुवारी पुन्हा बाहेर. पुन्हा भरलेली. या वेळी पाइपापासून चार पावलं डावीकडे.

शुक्रवारी दहा पावलं.

"तूच करतोयस ना हे?" तिने मामाला गाठलं.

"मला तेवढा वेळ आहे का, ताई? इथे जेवायला फुरसत नाही."

तिने स्वतःच्या खर्चाने इंजिनिअर आणला. तो बांधावरून एक चक्कर मारून आला, पाइपातली धार बघितली, फोटो काढला.

"पाझर स्वच्छ आहे. काळजीचं कारण नाही."

"आणि ही बादली?"

"ही कुणी भरली?"

मावशी काय सांगणार? इंजिनिअर गेल्यावर गाडीच्या धुरळ्याकडे बघत तिने बादलीला लाथ मारली. आयुष्यात पहिल्यांदाच. नंतर तिला त्याचं वाईट वाटलं.

शनिवारी बादली त्याहून पुढे होती. मग उजाडला रविवार.

तीन वाजता ती पायथ्याशी उतरली. वर स्पीकरवर गाणी लागली होती, पोरं मंचावरून उड्या मारत होती. खाली नेहमीसारखं शांत होतं.

नेहमीपेक्षा जरा जास्तच शांत...

काय कमी आहे ते तिला पटकन कळेना. मग कळलं.

पाइपाचा आवाज नव्हता.

धार आटली होती. वर तळं तुडुंब, आणि खाली पाइपातून एक थेंब नाही.

खण्ण...

बादलीच्या कडीचा आवाज. डावीकडून.

बादली शेवटच्या झाडाखाली उभी होती. मावशी तिच्याकडे गेली आणि तिचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. गवत बाजूला केलं, तर बोटाएवढी धार उसळत होती. चहाच्या रंगाची. पाण्याने नवी वाट काढली होती, आणि जाताना ते बांधाची माती घेऊन जात होतं.

तिथून पुढे, हाकेच्या अंतरावर, तंबू.

ती चढ चढून वर पळाली. शिट्टी वाजवली. पुन्हा वाजवली.

"बाहेर या! सगळे बाहेर या!"

दोन-चार जणांनी वळून पाहिलं. मामाने माइक उचलला.

"मंडळी, घाबरू नका. आमच्या ताईंना शिट्टीची हौस आहे."

सगळे हसले. चिमणीसुद्धा हसली. ती बोटीत होती, तळ्याच्या मधोमध.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रडू आलं ते भीतीने नाही, संतापाने. ती सांडव्याकडे गेली आणि फळ्या ओढायला लागली. फळ्या पाण्याने फुगल्या होत्या. नखं तुटली, फळी हलेना.

तेवढ्यात गाणी बंद पडली.

स्पीकरमधून कुणीतरी खाकरलं...

"चला, बाहेर. पाणी दमलंय आता."

हे अण्णांचं वाक्य. आम्ही लहानपणी पोहत असलो की रोज संध्याकाळी ते असंच म्हणायचे. याच शब्दांत, याच आवाजात.

मामा माइक हातात धरून उभा होता. त्याचं तोंड मिटलेलं होतं.

पाण्यातली माणसं मुकाट्याने काठाकडे यायला लागली. लेकरं आधी. कुणी हसत नव्हतं. मावशीच्या हातातली फळी अलगद सुटली. मग दुसरी. ती सांगते, पलीकडून कुणीतरी जोर लावत होतं.

पाणी उतरलं. तंबू रिकामे केले. संध्याकाळपर्यंत ते भोक मांडीएवढं झालं होतं, पण बांध टिकला.

मामा दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मीच बोललो असेन गं, घाबरून."

"माइकची पिन कुठे होती तेव्हा?"

पिन टेबलाखाली पडलेली सगळ्यांनी पाहिली होती.

बांध दुरुस्त झाला. झाडं काढली, माती दाबून भरली, पाइप पुन्हा वाहायला लागला. मावशीने बादली शहरातल्या आपल्या घरी आणली आणि माळ्यावर ठेवली. मोजायला नवी पांढरी घेतली.

मामा तीन महिने शहाण्यासारखा वागला.

मग एक दिवस म्हणाला, "एकच फळी लावतो, ताई. एकच."

एकाच्या दोन झाल्या. मावशीने हात टेकले. आरडाओरडा करायचंही तिच्यात त्राण उरलं नव्हतं.

गेल्या रविवारी तिला ताप होता, म्हणून ती तळ्यावर गेली नाही. घरीच पडून होती. तीन वाजले.

माळ्यावरून आवाज आला...

खण्ण.

भिंतीवरून गढूळ पाण्याचा ओघळ खाली येत होता.

तिने मामाला फोन लावला. उचलला नाही. पाच वेळा उचलला नाही. सहाव्यांदा उचलला.

"ताई, आता काय? इथे गर्दी आहे."

"पाइपाचा आवाज येतोय का बघ."

"येतोय."

त्याने पाहिलंच नव्हतं. त्याच्यामागे फक्त गाणी ऐकू येत होती.

"गाणी बंद कर," मावशी म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "दोन वर्षं सांगतेय रे मी. एकदा, फक्त एकदा, पायथ्याशी जाऊन ऐक."

काय वाटलं त्याला कोण जाणे. गाणी थांबली. त्याची पावलं ऐकू आली, मग गवताची सळसळ. मग बराच वेळ काहीच नाही.

"ताई..."

"हं."

"येत नाहीये."

मावशी डोळे मिटून बसली होती. चिमणी कुठे आहे हे विचारायची तिची हिंमत होत नव्हती.

आणि मग मामाने तिला विचारलं, जन्मात पहिल्यांदा, "काय करू? तू सांगशील तसं करतो."

तिने सांगितलं. त्याने केलं. माणसं बाहेर काढली, चिमणीला बोटीतून स्वतः उचलून आणलं, दोन्ही फळ्या कुऱ्हाडीने फोडल्या.

तळं आता अर्धं आहे. दोन इंजिनिअर येऊन गेले. सगळा पायथा पालथा घातला, पण ओल कुठेच नाही. पाइप अजून कोरडा आहे. पाणी जातंय कुठून, ते कुणालाच सापडलेलं नाही.

मामा रोज तीन वाजता पायथ्याशी जाऊन बसतो. गाणी लावत नाही.

मावशी माळ्यावरची बादली रोज रिकामी करते.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भरलेली असते. गढूळ.