पहिल्या नंबरचा आजार

"भिंत! बाजूला हो! पट्टीवर दोन रेघा!"

मॅनेजरकाकांनी हे इतक्या मोठ्यांदा जाहीर केलं, की पलीकडच्या टोकाला व्यायाम करणारा समोरचा संघसुद्धा थांबून बघायला लागला.

"पुन्हा?" भिंतीच्या तोंडून कसाबसा एवढाच शब्द निघाला. ती पायांना पॅड बांधून, छातीवर कवच चढवून, हेल्मेट काखेत घेऊन तयार उभी होती. उपांत्य सामना सुरू व्हायला थोडाच वेळ उरला होता.

ही मुलगी संघाची गोलकीपर. तिच्या मागे चेंडू जायचा नाही, म्हणून सगळे तिला भिंत म्हणायचे. खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. साथीमुळे गेली दोन वर्षं स्पर्धाच झाली नव्हती. या सुट्टीत चौदा वर्षांखालच्या मुलामुलींची हॉकी स्पर्धा भरली ती एका अटीवर: प्रत्येक सामन्याआधी प्रत्येक खेळाडूची चाचणी. नाकात काडी फिरवायची, ती बाटलीतल्या औषधात बुडवायची आणि त्याचे थेंब पट्टीवर टाकायचे. एक रेघ उमटली तर मैदानात, दोन उमटल्या तर सामना संपेपर्यंत वेगळ्या खोलीत. पुढच्या वर्षी भिंतीला पंधरावं लागणार होतं, म्हणजे तिची ही पहिली आणि शेवटची स्पर्धा. आणि सलग दुसऱ्या सामन्याला ती खोलीत!

"काका, तिची परत एकदा चाचणी करा ना!" वकिलीण पुढे झाली. ही संघाची कप्तान. तिची आई म्हणायची, ही पाळण्यातसुद्धा बाजू मांडायची.

"नियम म्हणजे नियम. लॅबचा अहवाल येईपर्यंत परत चाचणी नाही."

"मागच्या वेळी लॅबनं सांगितलं, हिला काही झालेलं नाही!"

"दोन दिवसांनी सांगितलं. तोवर सामना संपला होता."

"तेच तर म्हणतेय मी!"

"मग आपलं एकमत आहे. भांडतेस कशाला?" असं म्हणून काका निघूनही गेले. टर्फवर पाणी मारायचं होतं, बसवाल्याशी फोनवर वाद घालायचा होता, आणि चहाही गार होत होता.

यावर डोकं आपटून घ्यायला भिंतच हवी होती, आणि तीच खोलीत चालली होती!

तिच्या जागी गोलात उभं राहायला कुणीच तयार होईना. शेवटी शेपटाच्या गळ्यात ती माळ पडली. शेपूट म्हणजे बचाव फळीतला एक मुलगा. रांगेत शेवटी, जेवायला शेवटी, बसमध्ये शेवटी, म्हणून शेपूट. बिचाऱ्यानं चार गोल खाल्ले. पुढच्या फळीनं जीव तोडून पाच मारले म्हणून निभावलं, नाहीतर सगळ्यांना त्याच संध्याकाळी घरी जायची पिशवी भरावी लागली असती.

सामना संपल्यावर वकिलीण आणि शेपूट बिस्किटांचा पुडा घेऊन खोलीच्या खिडकीशी गेले. भिंत एका पालथ्या बादलीवर बसली होती. खोलीत खुर्ची नव्हती. मुलांना दोन तास कोंडायचं तर खुर्ची लागेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"चार गोल!" भिंत म्हणाली. "अरे, तू चेंडूला वाट करून देत होतास का?"

"मी वाकेपर्यंत तो आत जातो, त्याला मी काय करू?" शेपूट म्हणाला. "तुझे पॅड माझ्या कमरेपर्यंत येतात. फायनलला मी उभा राहणार नाही. त्यापेक्षा तीन काठ्या रोवा तिथे!"

भिंत हसली, पण तिचे डोळे भरून आले. "मला वाटायला लागलंय, माझ्यातच काहीतरी आहे. आई फोनवर म्हणाली, घरी आलीस की आधी वरच्या खोलीत राहा, बाळाला जवळ घेऊ नकोस. कोचसरांनी माझं हेल्मेट फिनेलमध्ये बुडवून काढलंय. विषाणू त्यातच बसलाय म्हणे!"

"विषाणू हेल्मेटात बसला असता तर एव्हाना मलाही चिकटला असता," शेपूट म्हणाला. "तेच घालून मी आज नाकापर्यंत फिनेल हुंगलंय."

"ते जाऊ दे. मला एक विचित्र गोष्ट दिसलीय," भिंत आवाज खाली आणून म्हणाली. "शेजारच्या खोलीत बघा. टेबलावर."

शेजारची खोली चाचणीची. मधल्या भिंतीला मोठी काच होती, आणि बाहेरच्या खिडकीतूनही आतलं टेबल दिसायचं. दोघं तिकडे सरकले. सकाळच्या पट्ट्या तशाच रांगेत पडल्या होत्या. प्रत्येकीखाली नाव लिहिलेलं. काकांनी त्या उचलल्यासुद्धा नव्हत्या!

"अगं आई गं!" वकिलीण किंचाळली. "माझ्या पट्टीवर दोन रेघा!"

"माझ्यापण!" शेपटानं घाईघाईनं मास्क वर ओढला. "सगळ्यांच्याच! आपण सगळे आजारी आहोत! मला घाम येतोय! वास... वास येतोय का मला? फिनेलचा येतोय!"

"गप रे!" वकिलीण आता पुरती जागी झाली होती. "सकाळी काकांनी ओरडून वाचलं होतं. तुझ्या पट्टीवर एकच रेघ होती. माझ्याही. मग दुसरी आली कुठून?"

"नंतर उगवली," खिडकीतून भिंत म्हणाली. "मी बघत होते ना! दुसरं करायला होतं काय मला? आधी कप्तानाच्या पट्टीवर आली, मग पुढच्या फळीतल्यांच्या. एकेक करत सरकत गेली. शेपटाची सगळ्यात शेवटी."

मग वकिलीणच सावकाश म्हणाली, "शेपूट, तुझी चाचणी कितव्या नंबरला होते?"

"हे काय विचारणं झालं?"

"आणि भिंतीची?"

"पहिली," भिंत म्हणाली. "पॅड बांधायला वेळ लागतो म्हणून सर मला पहिलं पाठवतात. प्रत्येक वेळी."

"आणि काका पट्ट्या कधी वाचतात?"

"सगळ्या संघाची काडी घालून झाल्यावर. एकदम. म्हणजे गोंधळ होत नाही म्हणे!"

"म्हणजे शेवटच्या पोराची पट्टी ताजी असते आणि तुझी शिळी!" वकिलीणीनं खिडकीच्या गजावर हात आपटला. "पट्टी पडून राहिली की आपोआप रेघ येते. हा विषाणूचा आजार नाहीच. हा पहिल्या नंबरचा आजार आहे!"

भिंत बादलीवरून उठून उभी राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास घेता आला.

आता खरं म्हणजे गोष्ट इथेच संपायला हवी होती. मुलांनी मोठ्यांना सांगावं, मोठ्यांनी बघावं, "अरेच्चा!" म्हणावं, झालं! पण मोठी माणसं आधी ऐकतील तर ना!

"काका, चला, पट्ट्या बघा!" वकिलीण त्यांना हाताला धरून घेऊन आली. काकांनी पट्ट्यांकडे पाहिलं, आणि मुलांकडे डोळे वटारले.

"टेबलाशी कुणी खेळ केलाय?"

"दाराला कुलूप आहे काका! किल्ली तुमच्याच खिशात आहे!"

"हे बघा, मी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण घेतलंय. तुम्ही घेतलंय का? लहान तोंडी मोठा घास घेऊ नये." आणि काकांनी सगळ्या पट्ट्या भराभरा कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत लोटल्या. पुरावा गेला!

मुलं सरांकडे धावली. सर फळ्यावर फायनलची आखणी करत होते.

"चाचणी हे मॅनेजरांचं खातं. माझं खातं खेळ," फळ्यावरून नजर न हलवता सर म्हणाले.

"पण सर, गोलकीपरच नसेल तर खेळ कसला?"

"म्हणूनच शेपटाला सराव द्यायचाय. कुठे गेला तो?"

शेपूट दारामागे लपला होता.

रात्री जेवताना तो भाताशी चाळा करत म्हणाला, "परवा भिंतीला शेवटी उभी करू. माझी जागा देतो मी."

"आणि पहिलं कोण?" वकिलीणीनं विचारलं. "जो पहिला, तो खोलीत. कुणाला बळी देणार?"

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून मॅनेजरकाकांचा आवाज आला. "माझ्या हाताखाली नियम म्हणजे नियम! मैदानाच्या जाळीच्या आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला लागू!"

वकिलीणीनं घास खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं, की शेपटानं घाबरून विचारलं, "काय झालं?"

"प्रत्येकाला," ती म्हणाली.

फायनलच्या सकाळी भिंतीचा लॅबचा अहवाल आला: याही वेळी तिला काहीच झालेलं नव्हतं. त्याच सकाळी आयोजकांतर्फे एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. काका इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्या मागेपुढे करत होते. वकिलीणीनं नेमका तोच क्षण साधला.

"काका, आज तुमचीपण चाचणी होणार ना? तुम्ही जाळीच्या आत बसता."

"माझी? हो, हो, करू की. शेवटी."

"असं कसं काका? तुम्ही आमचे पुढारी! तुम्ही पहिली करून घेतलीत तर या छोट्या पोरांची भीती जाईल. काडीला बघूनच रडतात हो!"

"मी तर फारच," शेपूट म्हणाला, आणि त्यानं खरोखर ओठ काढला.

डॉक्टरीणबाई हसल्या. "छान कल्पना आहे. दाखवा बघू मुलांना."

आता नाही कसं म्हणणार! काकांनी छाती पुढे काढून स्वतःच्या नाकात काडी फिरवली, दोन शिंका दिल्या आणि पट्टी टेबलावर पहिल्या जागी ठेवली. मग एकेक खेळाडू. शेपूट शेवटून दुसरा होता. "जन्मात पहिल्यांदा कुणाच्यातरी पुढे उभा आहे मी!" तो मागे वळून कुजबुजला. मागे भिंत होती, पॅड, कवच सगळं बांधून.

सगळ्यांचं झाल्यावर काका नेहमीसारखे वाचायला उभे राहिले. घसा खाकरला. पहिली पट्टी उचलली.

आणि ती पटकन पालथी ठेवली.

"वाचा ना काका, मोठ्यांदा!" वकिलीण म्हणाली. "नेहमी वाचता तसं!"

"दोन... हे शक्यच नाही! मला काहीही झालेलं नाही! ठणठणीत आहे मी! किट खराब असणार!"

"मग काका, भिंतीच्या वेळी हेच किट चांगलं कसं होतं?"

सर फळा काखेत धरून होते तिथेच उभे राहिले.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी हातात घेतली. "ही कधी लावलीत?"

"सगळ्यांच्या आधी."

"आणि वाचलीत कधी?"

"आत्ता. सगळ्यांचं झाल्यावर. मी नेहमी एकदमच..." काकांचा आवाज बसत गेला.

"अहो, ही पट्टी पंधरा मिनिटांनी वाचायची असते! त्यानंतर पडून राहिली की औषध वाळतं आणि खोटी रेघ दिसू शकते. प्रत्येकाची वेळ वेगळी धरायची! पहिलं कोण असायचं इतके दिवस?"

सोळा बोटं भिंतीकडे वळली.

मग वकिलीणीनं सगळं सांगितलं: काच, टेबल, सरकत गेलेली रेघ. डॉक्टरीणबाई ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "आमच्यातही असं नीट बघणारी माणसं कमी असतात, पोरांनो. शाब्बास!" सरांनी फळा खाली ठेवला आणि भिंतीपुढे येऊन म्हणाले, "चुकलंच माझं. हेल्मेट नाही, मीच फिनेलमध्ये बुडायला हवा होतो."

सगळ्यांच्या चाचण्या नव्यानं झाल्या, घड्याळ समोर ठेवून. सगळे एका रेघेचे! राहिले काका.

"यांचं काय करायचं?" डॉक्टरीणबाईंनी डोळे मिचकावले. "नियम म्हणजे नियम. सामना संपेपर्यंत खोलीत?"

पोरं टाळ्या पिटायला लागली. काका खाली मान घालून खोलीकडे निघालेसुद्धा. दारात त्यांना ती पालथी बादली दिसली, आणि ते थबकले.

"नको," भिंत म्हणाली.

"का गं?" शेपूट ओरडला. "बसू दे की!"

"परत करा त्यांची चाचणी. सामना बाहेर चाललेला असतो आणि आपल्याला नुसता आवाज ऐकू येतो. फार वाईट वाटतं."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. चाचणी झाली आणि ते निमूटपणे बादलीवर बसले. पट्टी शिजायची तेवढा वेळ त्यांनाही बसावंच लागलं. तोवर बाहेर शिट्टी वाजली.

सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता, आणि समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. त्यांचा सगळ्यात दांडगा पोरगा स्टिक सरसावून उभा राहिला. शेपूट गोलरेषेवर, भिंतीच्या शेजारी, डोळे अर्धे मिटून. तेवढ्यात खोलीचं दार धाडकन उघडलं. एक रेघ! इस्त्रीचा शर्ट चुरगळलेले मॅनेजरकाका जाळीपर्यंत धावत आले आणि त्या उपांत्य सामन्याच्या दिवसापेक्षाही मोठ्यांदा ओरडले,

"भिंत! जागची हलू नकोस!"

चेंडू धप्पकन पॅडवर आदळला आणि बाहेर गेला.

"ऐकू आलं काका!" हेल्मेटातून भिंत ओरडली.