सुई मधोमध

"सुई मधोमध आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस, ऋजू. महिन्यातून एकदा बॉनेट उघडून पाणी बघत जा." गाडीची किल्ली देताना अप्पांनी बजावलं होतं.

ऋजुता हसली होती. "अप्पा, बॉनेट कोण उघडतं आता? शांतक बसवलाय की."

आज आंबा घाटाच्या चढावर मागच्या सीटवरून तीन वर्षांची जाई म्हणाली, "आई, गोड वास येतोय."

ऋजुतानं इंजिनाचं तापमान दाखवणाऱ्या सुईकडे पाहिलं. मधोमध. मनगटावरच्या, घरच्यांची तब्येत दाखवणाऱ्या पट्टीकडे पाहिलं. जाई ठीक, अप्पा ठीक, दोन्ही ठिपके हिरवे. अप्पांच्या ठिपक्यावर विसंबून अर्ध्या तासापूर्वी तिनं साखरप्याला त्यांच्या देवरुखचा फाटा सोडला होता. अप्पा ठीकच आहेत, कोल्हापूरहून परतताना जाऊ.

"गाडी ओढत नाहीये, दादा."

"सुई बघ आणि चालव," शेजारी बसलेला तिचा भाऊ श्रीरंग म्हणाला. शांतकाचं गणित ज्या चौघांनी मांडलं, त्यांतला तो एक.

शांतक म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. पूर्वी प्रत्येक यंत्र माणसाला घाबरवायचं. गाडीत दिवा लुकलुकला की लोक भर रस्त्यात ब्रेक मारायचे, बाळाची पट्टी वाजली की आया दवाखान्यात धावायच्या, आणि दहांतल्या नऊ वेळा काही झालेलं नसायचं. म्हणून कायदा झाला. मापकाचा आकडा आधी शांतकाकडे जाणार. कालच्या, गेल्या वर्षीच्या आकड्यांशी तो जुळला तर दिसणार. नाही जुळला, तर मापक चुकला असं धरून, जो असायला हवा होता तो आकडा दिसणार. अप्पांच्या जुन्या पेट्रोल गाडीलासुद्धा तो बसवावा लागला होता.

"म्हणजे आकड्यांना इस्त्री," ऋजुता म्हणाली.

"त्या इस्त्रीमुळेच तू माणसात आलीस. जाई झाली तेव्हा दिवसातून चाळीसदा तिचा ताप बघायचीस."

तिनं हीटरचा खटका पूर्ण फिरवला.

"या उन्हात हीटर?"

"अप्पांची युक्ती. इंजिनातल्या गरम पाण्यावर ही हवा तापते. हात धर."

हवा गार होती, म्हणजे गरम पाणी तिथवर पोचतच नव्हतं. तिनं गाडी कठड्याला लावून बंद केली, जाईला सावलीत बसवलं आणि बॉनेट उघडलं. तोंडावर कोरडी धग आली. रेडिएटरच्या झाकणाला तिनं हात लावला नाही. गरम असताना उघडलं तर चेहरा भाजतो, हेही अप्पांचंच. फडकं धरून वरचा रबरी पाईप दाबला. रिकामा, लिबलिबीत. खालचा पाईप आवळणारी क्लिप तुटली होती, आणि तिथून कूलंट मिसळलेलं गोड वासाचं पाणी कधीच वाहून गेलं होतं.

"मग सुई का नाही चढली?" श्रीरंग म्हणाला.

"मापक पाण्यात बुडालेला असतो. पाणी गेलं, तो कोरडा लोंबतोय. आणि तुझा शांतक कालचे आकडे दाखवत बसलाय." तिनं शांतकाची वायर उपसून मापक सरळ सुईला जोडला.

"ऋजू, यात परवाना जातो."

"जाऊ दे." तिनं किल्ली अर्धी फिरवली. सुई उसळली, पडली, पुन्हा उसळली. कशालाच न टेकलेल्या मापकाची सुई.

ऋजुता तिच्याकडे बघत राहिली. मग आपल्या मनगटाकडे.

"दादा, अप्पांनी पट्टी काढून ठेवली तर ठिपका काय दाखवेल?"

"...सरासरी दाखवेल."

"किती दिवस?"

"मर्यादा नाही घातली. म्हातारी माणसं आंघोळीला काढतात, विसरतात. दरवेळी मुलं घाबरायची."

तिनं अप्पांना फोन लावला. गोड आवाज आला, "अप्पा विश्रांती घेत आहेत."

"ही कोण?"

"शांतकच," श्रीरंग पुटपुटला.

"कच्चे आकडे उघड."

"मला मनाई आहे."

"बाप आहे तो तुझा. उघड."

त्यानं आपल्या फोनवर उघडले. त्वचेचा स्पर्श, शून्य. नाडी, नाही. तापमान बंद खोलीचं. मंगळवारपासून. आज शनिवार होता.

"पट्टी टेबलावर राहिली असेल," श्रीरंग म्हणाला.

"असेल. आणि अप्पा?"

तिनं शेजाऱ्यांना निरोप लिहिला: अप्पांचं दार तोडा. पाठवताना पडद्यावर अक्षरं बदलली: सवडीनं अप्पांकडे डोकावाल का? तिनं पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच.

"घाबरवणारा मजकूर सौम्य होतो. फोनवरचं बोलणंही," श्रीरंग खाली बघत म्हणाला.

"मग मी घाबरवतेच."

जाईच्या चित्रकलेच्या वहीचं पान तिनं फाडलं आणि लाल खडूनं लिहायला घेतलं. आपोआप चालणाऱ्या गाड्या घाटात थांबत नव्हत्या, म्हणून ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. खाली निघालेली एक मोटरसायकल थांबली. तिच्यावर दोघं होते, तिसऱ्याला जागा नव्हती. तिनं मागच्याच्या हातात कागद कोंबला. त्यावर लिहिलं होतं:

"देवरुख. तळ्यामागची गल्ली, निळं दार, पाध्ये. कागद ज्याच्या हाती येईल त्यानं आधी तिथे जा. दारावरच्या पडद्यावर 'ठीक' दिसेल. ते वाचून परत फिरू नका. हाका मारा, नाही उघडलं तर दार तोडा. आत माझे वडील आहेत. पट्टी बघू नका. त्यांच्या कपाळाला हात लावून बघा."