उसना दिवस

सन दोन हजार एकोणीस, जानेवारीची सोळा तारीख, बुधवार. थंडी मरणाची होती. ऐकायचं तर गप्प बसून ऐका. गोष्ट माझ्या साडूची आहे, आणि साडू खोटं बोलणारा माणूस नव्हता.

साडू पाथरवट. नदीकाठच्या एका देवस्थानाच्या गावात पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या दुरुस्त करायचं काम त्याच्याकडे होतं. पायऱ्या सातशे वर्षांच्या. वाटाडे यात्रेकरूंना देऊळ दाखवतात, जुना पूल दाखवतात, आणि हे सगळं राजाने बांधलं म्हणून सांगतात. साडू म्हणायचा, राजाने त्यातला एक दगड उचलला असेल तर मी मिशी उतरवतो.

दिवसा यात्रेकरूंची गर्दी, म्हणून काम रात्रीचं. जोडीला सख्खा धाकटा भाऊ. डिसेंबरात धाकट्याला मुलगी झाली. तिला बघायला तो एक दिवस गेला. त्याच्या वाटचं काम साडूने ओढलं. परत आला तेव्हा साडू चारचौघांत हसत म्हणाला, "एक दिवस उसना आहे तुझ्याकडे. मेलास तरी सोडणार नाही."

त्याच रात्री धाकटा एका झिजलेल्या पायरीवरून घसरला. तिसऱ्या दिवशी नदीत प्रेत सापडलं.

महिनाभर साडूने हत्याराला हात लावला नाही. मग उठला. त्या पायरीवरून आणखी कुणाचा पाय घसरता कामा नये म्हणाला, आणि नवा दगड घडवला. बसवायच्या रात्री, त्या बुधवारी, ठरलेला मजूर आलाच नाही. भ्याला. इकडे जुनी पायरी उखडून झालेली. पहाटे चारला अंधारातच लोक उतरणार, आणि तिथे खड्डा.

दगड दोघांनी उचलायचा. साडूने चुना पसरला, एकट्यानेच पहार घातली. दगड हलेना. बारा वाजून गेले. बॅटरी मंदावली. साडूने पुन्हा जोर लावला...

दगड उचलला गेला.

पलीकडचं टोकही वर होतं. तिकडे अंधार. कुणीतरी धापा टाकत होतं.

साडूने थोडं सरकवलं. तिकडूनही सरकलं. दगड बसला.

मग साडूला कंठ फुटला.

"दिवस नको रे मला. घरी चल. पोरगी हसायला लागलीय."

...

पाणी वाहत होतं. बाकी काही नाही.

साडूने आपल्या बाजूचा सांधा थापीने भरला आणि तिथेच बसून राहिला. उजाडल्यावर पलीकडे गेला. तिकडचा सांधा भरलेला होता. थापीने नव्हे, अंगठ्याने. धाकट्याची खोड. त्यापायी त्याने किती शिव्या खाल्ल्या होत्या.

दिवस फिटला.