स्क्रूवरचं कुंकू

"गोल सांगावं तर मशीन बटाट्यासारखं कापतंय," टेबलाखालचा माणूस स्वतःशीच कुरकुरला. "आणि चालतंय कसं, खड्ड्यातल्या रिक्षासारखं."

"माझ्या नवऱ्याने जोडलंय ते," मी चहाचा कप धरून म्हणाले.

ठण्णकन डोकं आपटलं. मग ललित बाहेर आला... केसांत लाकडाचा भुसा, चेहरा शरमलेला. भरतकामाची मशिनं दुरुस्त करणारा हा माणूस शेजारच्या भाईदासकाकांनी पाठवला होता.

बमरोलीतल्या आमच्या पुढच्या खोलीत हे छोटं सीएनसी, संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारं मशीन. त्यावर दारावरच्या पाट्या कोरून मी घर चालवायची. माझा नवरा, वैभव, तापाने गेला, पण घरात ‘गेला’ हा शब्द कुणी उच्चारत नसे. सासूबाई, सुभद्राबाई, अजून म्हणायच्या, "वैभव रागावेल."

ललितने मशीनच्या लांब स्क्रूवरून बोट फिरवलं. बोट लाल झालं.

दर शुक्रवारी सासूबाई मुलाच्या मशीनला खोबरेल आणि कुंकू लावत. थंडीत ते गोठे, नट अडकत अडकत सरके, आणि काप खरबरीत येई. मला ठाऊक होतं. सांगायची छाती नव्हती.

ललितने स्वयंपाकघराकडे पाहिलं, तिथे सासूबाई होत्या. "मोटरला जोडणारं कपलिंग सैल होतं," तो मोठ्याने म्हणाला आणि बोट हळूच पँटला पुसलं.

तेव्हाच तो मला आवडला.

मग तो दर शनिवारी येऊ लागला.

"आज बोलावलं नव्हतं."

"गोल नीट येतो का, बघायला आलो."

"येतोय."

"मग... चौकोन बघू."

मी हसले, आणि आतला भांड्यांचा आवाज थांबला. घर सासूबाईंचं. त्यांनी दार दाखवलं तर जायचं कुठे? नंदुरबारला, भावजयीच्या उंबऱ्यावर?

पुढच्या शनिवारी ललितने स्क्रूवरून बोट फिरवलं. बोट कोरडं, स्वच्छ. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, चोरी पकडली गेल्यासारखं.

"काय बिघडेल शे?" सासूबाई दारात उभ्या, काय बिघडलंय ते आपल्या खानदेशी बोलीत विचारत.

"बघतो, मावशी..."

"काही बिघडेल नहीं. काल मी कुंकू लावंच नहीं." त्या ललितकडे बोट दाखवत सावकाश खाली बसल्या. "हाऊ मशीनकरता येस नहीं, हर्षदा."

मी हातातली पाटी खाली ठेवली. "आई, मी..."

"घाबरू नको." त्यांनी पदराने डोळे टिपले. "वैभव मरी गया, पोरी. तू मरनी नहीं."