वृंदाचं तोंड बंद होतं

ही रचलेली गोष्ट नाही. जिच्या बाबतीत हे घडलं ती वृंदा माझ्या बायकोची मावसबहीण आहे. नावं तेवढी बदलली आहेत.

असल्या गोष्टी रात्रीच घडतात, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी आधीच ऐकून ठेवा... हे भर सकाळी घडलं. आजूबाजूला पन्नासएक माणसं असताना.

करोना यायच्या आधीचा शेवटचा जानेवारी. संक्रांत नुकतीच झाली होती. जागा म्हणाल तर गुरगावच्या पुढे, सोहन्याकडे जाताना एक मैदान आहे. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही.

वृंदा वाढली दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. वडील, सूर्यकांतकाका, केंद्र सरकारच्या नोकरीत. पोरीला वेड एकाच खेळाचं. अल्टिमेट फ्रिसबी.

तुम्ही पाहिला नसेल म्हणून सांगतो. प्लास्टिकची एक ताटली, तिला हे लोक डिस्क म्हणतात. सात-सात जणांचे दोन संघ, मुलं-मुली एकत्र. डिस्क हातात आली की पळायचं नाही, फेकायची. समोरच्या संघाचा एक जण अगदी तोंडासमोर उभा राहून मोठ्याने दहापर्यंत मोजतो. दहाच्या आत फेकली नाही तर गेली.

या खेळात पंच नसतो. सगळं एकमेकांच्या शब्दावर चालतं.

संघात तिच्याशिवाय दुसरा मराठी एकच. बळवंत. राहायला कॅन्टोन्मेंटमध्ये, वडील मल्हारीकाका फौजेत सुभेदार. हरणासारखा पळायचा. मार्चमध्ये त्याची स्वतःची भरती होती. घरात दुसरा विषय नव्हता.

मैदानावर ही दोघं एकमेकांशी मराठीतच बोलायची. समोरच्यांना कळू नये म्हणून. "लांब!" म्हणजे दूर पळ. "येऊ दे!" म्हणजे फेक.

ही युक्ती त्यांना फार आवडायची.

त्या शनिवारी त्या मैदानावर स्पर्धा होती. उजाडायच्या आधीच गाडी क्वार्टरखाली आली. गाडी संघाचा कॅप्टन गौरव याची. वृंदाच्या आईने, सुमित्रामावशींनी, गूळपोळ्यांचा डबा खिडकीतून आत दिला.

"काकू, ट्रॉफी घेऊनच येतो," बळवंत म्हणाला.

"ट्रॉफी राहू दे. धुकं बघितलंस का बाहेर? हळू जा म्हणावं त्याला."

धुकं होतंच. पण सोहन्याचा रस्ता लागला आणि बॉनेटच्या पुढचं दिसेनासं झालं.

शेवटचा तुकडा तर कच्चा रस्ता. दोन्ही बाजूंना अर्धवट सोडलेले टॉवर. बिल्डर पळून गेला की असे नुसते सांगाडे उरतात. ना खिडक्या, ना दारं.

गौरवने गाडी थांबवली. "यार, कुछ नहीं दिख रहा."

बळवंत खाली उतरला. फोनचा टॉर्च लावून गाडीच्या पुढे चालायला लागला. वृंदा खिडकीतून डोकं काढून त्याला ओरडून सांगत होती.

"बळवंत, डावीकडे खड्डा आहे! डावीकडे!"

टॉवरांमधून तिचा आवाज घुमला.

पण...

घुमला तो उशिरा. आणि पूर्ण नाही.

"बळवंत..."

नुसतं नाव. जसं कुणी म्हणून बघतंय.

वृंदाने डोकं आत घेतलं. काच वर केली. गाडीत कुणाला काही वाटलं नव्हतं. तिनेही सोडून दिलं.

मैदानावर पोचले तर बाकीचे संघही आलेले. पण खेळणार कसं? समोरचा माणूस दिसत नव्हता. आयोजक म्हणाले, धुकं उचललं की सुरू करू. तोवर हातपाय मोकळे करा.

वृंदा आणि बळवंत डिस्क घेऊन कडेला गेले. ती फेकायची, तो परत पाठवायचा. मग दोघं एकेक पाऊल मागे सरायचे. थोड्या वेळाने तो दिसेनासा झाला. फक्त आवाज.

"येऊ दे!"

ती पांढऱ्यात फेकायची. पलीकडे 'थप्' असा झेलल्याचा आवाज यायचा. मग धुक्यातून डिस्क सरळ तिच्या हातात.

"येऊ दे!"

थप्.

किती सुंदर फेकतोय आज, वृंदाच्या मनात आलं. जरासुद्धा डगमग नाही. डिस्क मात्र दर वेळी जास्तच गार लागत होती.

तिने परत फेकली. थप्.

तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्या खांद्याला हात लावला.

बळवंत.

दोन्ही हातांत चहाचे कागदी पेले.

"कुणाशी खेळतेयस?"

वृंदाला हसू आलं. "तुझ्याशीच... तू इकडून कसा..."

"मी केव्हाचा चहाच्या रांगेत आहे. तुला सांगून तर गेलो."

"मग..."

दोघंही धुक्याकडे बघत राहिले.

कुठे कुत्रं भुंकत नव्हतं. पक्षी नाही. मागचा पोरांचा गलकासुद्धा एकदम लांब गेल्यासारखा वाटला.

आणि धुक्यातून डिस्क आली.

सरळ. संथ. फिरत फिरत.

कुणीच झेलली नाही. ती वृंदाच्या पायाशी येऊन पडली.

"कौन है उधर?" बळवंत ओरडला.

तो फौजीचा पोरगा. पेले खाली ठेवून सरळ पुढे निघाला. वृंदा मागोमाग. जरा चालल्यावर पत्र्याचं कुंपण लागलं. एका जागी पत्रा निसटलेला. त्यातून वाकून पाहिलं तर...

पलीकडे जमीनच नव्हती.

बेसमेंटसाठी खणलेला प्रचंड खड्डा. तळाला काळं पाणी. त्या बाजूला उभं राहायला पाऊलभरही जागा नव्हती.

डिस्क त्या दिशेनेच येत होती.

बळवंतने आयोजकांना सांगितलं. त्यांनी येऊन निसटलेल्या जागी दोरी बांधली. बाकी सगळ्यांनी थट्टा केली. गौरव तर म्हणाला, "भूत भी अच्छा थ्रो करता है, उसे टीम में ले लो!"

बळवंतही हसला. वृंदाला वाटलं, घरी जावं. पण सगळा संघ इतक्या लांबून आलेला. तिच्या एकटीच्या भीतीपायी कोण परत फिरणार?

उन्हं थोडी वर आली तसं धुकं विरळ झालं. सामना सुरू झाला.

समोरचा संघ चंदीगडचा. वृंदाला अडवायला हरलीन नावाची उंच मुलगी होती. अटीतटीचा खेळ. शेवटी बरोबरी झाली. आता जो गुण करेल तो जिंकला.

आणि दूध उतू जावं तसं शेताकडून धुकं परत आत आलं.

बघता बघता मैदान भरलं. कुणी 'थांबा' म्हणायच्या आत डिस्क वृंदाच्या हातात होती. समोर हात पसरून हरलीन. तिच्या पलीकडे काहीच नाही.

"एक... दो... तीन..." हरलीन मोजायला लागली.

वृंदा कान देऊन उभी राहिली. बळवंतची हाक आल्याशिवाय फेकायची नाही, असं तिने ठरवलं होतं.

"चार..."

आणि हाक आली.

पण बळवंतची नाही.

"बळवंत, लांब! टाकली! पळ!"

तो आवाज वृंदाचा होता.

तिचा स्वतःचा. तोच हेल, तीच घाई. डाव्या हाताला, धुक्यातून.

डिस्क वृंदाच्या हातात होती. तिचे ओठ मिटलेले होते.

हरलीनचं मोजणं थांबलं. ती वृंदाच्या तोंडाकडे बघत राहिली.

धुक्यात बुटांचा आवाज. धप धप धप... बळवंत पळत होता. या खेळात पळणारा पुढे बघत नाही, मान मागे वळवून डिस्क शोधत असतो. पुढे काय आहे ते त्याला साथीदाराचा आवाजच सांगतो.

"अजून... अजून..." तो आवाज म्हणाला. अगदी मायेने. "मोकळं आहे..."

वृंदाने डिस्क तिथेच सोडून दिली आणि धावत सुटली.

"बळवंत, थांब! थांब!"

पत्रा वाजला.

मग काहीच नाही.

आणि मग... खूप खालून, पाण्याचा आवाज.

गौरव आणि दोघा-तिघांनी दोर सोडून त्याला वर काढलं. शुद्धीवर होता. अंग बर्फासारखं. कंबरेचं हाड मोडलं होतं. आयोजकांनी बांधलेली दोरी जागच्या जागी होती. तुटली नव्हती, सुटली नव्हती. बळवंत तिच्या पलीकडे कसा गेला, ते कुणालाच सांगता आलं नाही.

वृंदाला त्या वेळचं फार आठवत नाही. एवढंच आठवतं की ती खड्ड्याच्या काठावर उभी राहून त्याचं नाव घेऊन ओरडत होती. नंतर दोन दिवस तिचा घसा बसला होता.

आठवडाभराने ती इस्पितळात गेली. मल्हारीकाका खाटेजवळ बसलेले. भरतीचं तर आता नावच काढायला नको होतं. डॉक्टर म्हणाले होते, चालेल, पण पळणार नाही.

काका औषध आणायला बाहेर गेले. मग बळवंत पहिल्यांदा बोलला.

"वृंदा, एक विचारू?"

"विचार ना."

"मजा आली का तुला?"

"बळवंत, मी नाही ओरडले. आईशप्पथ. डिस्क माझ्या हातातच होती, मी फेकलीच नाही..."

"ओरडण्याचं सोड." त्याने मान भिंतीकडे वळवली. "मी खाली पाण्यात होतो. पाय हलत नव्हता. वर बघितलं. तू काठावर उभी होतीस."

"हो, मी तुला हाका मारत होते."

"हाका नाही, वृंदा. तू हसत होतीस."

तिने खूप समजावलं. रडली. तो परत बोलला नाही.

घरी आल्यावर तिने कुठून कुठून हरलीनचा नंबर मिळवला. सगळ्यांत जवळ तीच तर होती.

"मुझे पता है तू नहीं चिल्लाई," हरलीन लगेच म्हणाली. "मैं सामने खड़ी थी. तेरा मुँह बंद था."

वृंदाचा जीव भांड्यात पडला. "तो बस इतना बलवंत को बोल दे. प्लीज़, यार."



"नहीं," हरलीन म्हणाली. आणि फोन ठेवला. नंतर तो नंबर कधी लागलाच नाही.

मल्हारीकाका निवृत्त होऊन साताऱ्याकडे गावी गेले. बळवंतही गेला. वृंदाचा फोन तो घेत नाही. तिचा आवाज ऐकला की त्याला थंडी वाजते, असं त्याची आई सांगते.

इथवरचं सगळं मला वृंदानेच सांगितलं. आता जे लिहितोय ते तिला माहीत नाही.

गेल्या वर्षी हरलीन लग्न होऊन करोल बागेत आली. आमच्यापासून दोनच गल्ल्या पलीकडे. माझ्या बायकोने, अहिल्याने, तिला शोधून काढलं. आम्ही दोघं गेलो. तिने चहा ठेवला. वृंदाचं नाव काढताच उठून दार लावून घेतलं.

अहिल्याने हिंदीत एवढंच विचारलं, "तू खरं सांगितलं असतंस तर तो मुलगा आज तिच्याशी बोलला असता. का नाही सांगितलंस?"

हरलीनने हातातला कप खाली ठेवला.

"जब वो आवाज़ आई, उसका मुँह बंद था. ये मैं कहीं भी बोल दूँगी," ती म्हणाली. "पर मैं उसके पीछे भागी थी, दीदी. गड्ढे तक. मैं उसके बग़ल में खड़ी थी."

"मग?"

"वो हँस रही थी. नीचे देखकर. पेट पकड़कर... वो तो मैंने अपनी आँखों से देखा."

आम्ही चहा तसाच ठेवून उठलो.

वृंदाला यातलं काहीच सांगितलेलं नाही. काय सांगणार? ती दिल्लीत वाढलेली. मराठी बोलते, पण वाचत नाही. म्हणूनच हे मराठीत लिहिण्याचा धीर झाला.

मागच्या रविवारी ती आमच्याकडे जेवायला आली होती. माझ्या धाकट्या मुलीने काहीतरी विनोद केला. सगळे खळखळून हसले.

मी मात्र वृंदाच्या तोंडाकडेच बघत बसलो होतो.