हंबीरदादाच्या तीन खिट्ट्या

मोटर फिरतेय. चेन फिरतेय. चेन ज्यांवर बसते ती दातेरी चक्रंही गरागरा फिरतायत. आणि ती चक्रं ज्या चाकाला बसवलेली आहेत, ते चाक मात्र जागचं हलत नाहीये. चेन तुटलेली नाही, चक्र निसटलेलं नाही, कुठे काही अडकलेलं नाही. मग हे कसं काय? सांगा बघू.

मलाही सांगता येत नव्हतं. पण कोडं सोडवणं भाग होतं, कारण ते चाक हंबीरदादाचं होतं आणि दुपारी त्याची परीक्षा होती.

हंबीरदादा म्हणजे आमच्या वाडीचा रोबो. माझे आजोबा, कोंडिबा झोरे, पुण्याला रोबो बनवणाऱ्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. निवृत्त होऊन कोयनेच्या खोऱ्यात परत आले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या डोंगरी सायकलचीच दोन चाकं काढून हंबीरदादा तयार केला. एक चाक पुढे, एक मागे, वर धड, दोन लांब हात आणि पाठीमागे लहान मुलांना बसायला बाकडं. पायडलच्या जागी मोटर. आमची शाळा खिंडीपलीकडे आहे, आणि वाटेवर गवे उभे असतात. गवा म्हणजे केवढा, ते ज्याने पाहिलाय त्यालाच कळेल. हंबीरदादा पुढे होतो, दिवे लावतो, शांतपणे भोंगा वाजवतो, आणि गवे बाजूला होतात. तो आहे म्हणून आम्ही सहा मुलं घरी राहून शाळा शिकतो.

यंदापासून नवीन नियम आला. मुलांना नेणाऱ्या प्रत्येक रोबोने खिंडीची चढण पूर्ण वजन घेऊन चढून दाखवायची, मध्येच थांबून पुन्हा निघायचं. जमलं नाही तर मुलं न्यायची नाहीत. बाबांनी मला आधीच बजावलं होतं, “हंबीर नापास झाला तर तुला वसतिगृहात ठेवावं लागेल, केतके. गव्यांतून एकटी नाही पाठवणार मी.” आई म्हणते, केतकीला काळजी करायला कारण लागत नाही. पण त्या दिवशी चांगलं धडधडीत कारण होतं.

“आजोबा, आता काय करायचं?” मी विचारलं.

“आधी चाक काढायचं,” आजोबा म्हणाले. “घाबरायचं असेल तर घाबर, पण तेरा नंबरचा पाना देऊन घाबर.”

आम्ही हंबीरदादाला अंगणातल्या दगडी ओट्याला टेकवून बसवलं. चाक निघालं तरी तो बोलत होताच, त्याचं डोकं चाकात थोडंच आहे.

“फार वेळ लागेल का?” त्याने विचारलं.

“तू गप्प बसलास तर नाही लागणार,” आजोबा म्हणाले.

त्यांनी आधी दातेरी चक्रांचा सगळा गठ्ठा सोडवला. मग आसाच्या (चाक ज्याभोवती फिरतं त्या दांड्याच्या) टोकाची टोपी ओढून काढली. आतून मुठीएवढा एक धातूचा तुकडा सरकून बाहेर आला. “हा फ्रीहब,” ते म्हणाले. “चेन चक्रांना फिरवते, चक्रं याला फिरवतात आणि हा चाकाला फिरवतो. पण कसा फिरवतो, त्यातच गंमत आहे. तुझ्या मोज्यात गवताची कुसळं शिरतात ना?”

“शिरतात. आणि ओढली तरी बाहेर येत नाहीत.”

“का येत नाहीत?”

मी आठवून पाहिलं. कुसळाला बारीक केस असतात, सगळे एकाच बाजूला झुकलेले. आत जाताना ते मिटतात. बाहेर ओढलं की उभे राहतात आणि कापडात रुततात.

“बस. तसंच इथे आहे,” आजोबा म्हणाले. फ्रीहबच्या अंगावर तीन छोट्या खिट्ट्या होत्या (खिट्टी म्हणजे एका टोकाशी हलणारा पोलादी तुकडा). प्रत्येकीखाली बारीक स्प्रिंग होती, खिट्टीला सतत बाहेर ढकलणारी. आणि चाकाच्या पोटात होतं एक कडं, आतल्या बाजूने तिरपे दाते असलेलं. मोटरने फ्रीहब पुढे फिरवला की खिट्ट्या दात्यांत रुततात आणि चाकाला ओढून नेतात. उतारावर मोटर थांबते, चाक मात्र आपल्या वेगाने पुढे पळत असतं. तेव्हा तिरपे दाते खिट्ट्यांना दाबून त्यांच्यावरून निसटत जातात. एकेक दाता गेला की खिट्टी परत उसळते, टक. पुढचा गेला, टक. सायकल उताराला लागली की जो टकटक आवाज येतो, तो हाच.

“म्हणजे एका बाजूला पकड आणि दुसऱ्या बाजूला मोकळीक,” मी म्हटलं.

“बरोबर. मग हंबीरची पकड का सुटली? खिट्ट्या बघ.”

मी बघितल्या, पण मला दिसलं ते नुसतं ग्रीस. काळपट, घट्ट, ट्रॅक्टरला घालतात तसलं. पहाटेच्या थंडीत ते गोठून मेणासारखं झालं होतं आणि तिन्ही खिट्ट्या त्यात आडव्या चिकटून पडल्या होत्या. स्प्रिंग बिचारी ढकलून ढकलून दमली असणार. आजोबांनी एक खिट्टी पुसली. तिची धार गोल झाली होती, चघळलेल्या पेन्सिलीसारखी.

“अर्धवटच वर येत होती, म्हणून टोकावर पकडत होती,” आजोबा म्हणाले. “आणि टोक झिजलं. पण इतकं ग्रीस इथे कोणी भरलं? मी तर थेंबभर तेल घालतो.”

मग ओट्यावरून हंबीरदादा हळूच म्हणाला, “मी भरलं.”

“तू?”

“परत येताना लहान मुलं माझ्या पाठीवर झोपतात. उतार लागला की टकटक सुरू होते आणि ती दचकून उठतात. मला वाईट वाटायचं. ट्रॅक्टरच्या डब्यातलं थोडं ग्रीस घेतलं, चाकाच्या फटीतून आत भरलं आणि आवाज बंद झाला. मला वाटलं, बरं झालं.”

मला त्याचा रागही आला आणि त्याला मिठी मारावीशीही वाटली. आजोबा मात्र हसले. “अरे शहाण्या, तो आवाज म्हणजे खिट्ट्या जाग्या असल्याची खूण. तू मुलांना झोपवायला गेलास आणि खिट्ट्यांनाच झोपवलंस.”

त्यांच्या खोक्यात नवा फ्रीहब होता. चाकातलं कडं आम्ही रॉकेलने धुतलं, जुन्या बनियनने पुसलं. कड्याचे दाते शाबूत होते, नशीब आमचं. मग आजीच्या शिलाई मशीनचं पातळ तेल, खिट्टीला एकेक थेंब. आता फ्रीहब आत बसवायचा, तर तिन्ही खिट्ट्या एकाच वेळी दाबून धरायला हव्यात, आणि त्या तर बाहेर उसळणार. एक दाबली की दुसरी वर. खाली रस्त्यावर गाडीचा आवाज आला आणि माझ्या हातून फ्रीहब मातीत पडला.

“झालं,” मी म्हणाले. “आता वसतिगृह.”

“आता परत धुणं,” आजोबा म्हणाले, “आणि शिवणाचा दोरा घेऊन ये.”

दोरा खिट्ट्यांभोवती गुंडाळून आवळला. तिघीही निमूट बसल्या. फ्रीहब आत सरकवला आणि दोऱ्याचं टोक हळूच ओढून घेतलं. आत बारीक खट झालं. चक्रं चढवली, चाक बसवलं. हाताने चाक पुढे फिरवलं तर टकटकटक असा खणखणीत आवाज आला.

“फारच मोठा आहे,” हंबीरदादा पुटपुटला. “अगदी थोडंसं ग्रीस, नुसतं आजच्यापुरतं?”

“नाही,” मी आणि आजोबा एकदमच म्हणालो.

गाडीतून बिराजदार मॅडम आल्या, तपासणी अधिकारी. त्यांनी सहा मुलांच्या वजनाची वाळूची पोती बाकड्यावर लादली आणि म्हणाल्या, “चल, हंबीर.” आम्ही मागून चालू लागलो. चढण सुरू झाली. मी कान देऊन ऐकत होते आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. ना टक, ना खट.

“आजोबा, आवाज बंद झाला,” मी त्यांचा हात घट्ट धरला. “पुन्हा चिकटल्या.”

“आवाज कधी यायचा?”

“चाक फ्रीहबच्या पुढे पळतं तेव्हा.”

“आता काय चाललंय?”

आता मोटर जोर लावत होती. फ्रीहब चाकाला ओढत होता. खिट्ट्या दात्यांत रुतून बसल्या होत्या, मग आवाज येणार कुठून? चढणीवर त्या गप्प असायलाच हव्यात. हे मला कळलं, तरी आजोबांचा हात काही मी सोडला नाही.

चढणीच्या मधोमध मॅडमनी हात वर केला. “थांब. आता चाकाचे ब्रेक सोड.”

माझ्या डाव्या हाताला दरी होती. हंबीरदादाने ब्रेक सोडले. चाक दोन बोटं मागे आलं, खट झालं, आणि मी डोळे मिटले. मग उघडले, कारण मिटून जास्तच भीती वाटते. तो तिथेच होता. मोटर जागच्या जागी कुलूपबंद, चेन ताठ, आणि चाकाला मागे जाऊ द्यायला तीन खिट्ट्या तयार नव्हत्या. एवढं ओझं तीन नखांएवढ्या पोलादाने धरून ठेवलं होतं.

“निघ,” मॅडम म्हणाल्या. हंबीरदादा जराही न घसरता निघाला आणि खिंडीच्या माथ्यावर जाऊन उभा राहिला.

आजोबा धापा टाकत दगडावर बसले. “पुढच्या वर्षी इथून खाली दवाखान्यापर्यंत दोरावरचा पाळणा, म्हणजे रोपवे, होणार आहे,” ते म्हणाले. “वीज गेली तर तो मागे येऊ नये म्हणून त्यालाही अशाच खिट्ट्या बसवायच्या आहेत, फक्त तुझ्या हाताएवढ्या. दोरा घेऊन येशील ना?”

मी मान हलवली, पण माझं लक्ष मॅडमकडे होतं. त्यांनी मागचं चाक उचलून फिरवलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाल्या, “चांगलं आहे. नेऊ दे मुलांना.”

“मॅडम, एक विचारू?” हंबीरदादा म्हणाला. “म्हणजे केतकी वसतिगृहात जाणार नाही ना?”

“केतकी कोण?”

मला इतका वेळ वाटत होतं की काळजी मी एकटीच करतेय. मी नुसता हात वर केला आणि मग मला रडूच आलं. हंबीरदादाने आपला लांब हात माझ्यापुढे धरला.

“दप्तर दे,” तो म्हणाला.

“अरे, आज सुट्टी आहे,” मी डोळे पुसत म्हटलं.

“मग उद्या दे.”